आपत्ती येण्यापूर्वी : देशाची व्यवस्था आणि आपले गाव



स्मरणिकेसाठी अभ्यासाचा विषय ठरविताना या वेळी आम्ही मुद्दाम आपत्ती व्यवस्थापन हा विषय घेतला. राजूर व परिसरातील आपण सर्वांनी दुष्काळ पाहिला आहे, गारपीट पाहिली आहे, वीज पडून माणूस आणि बैल गेलेले पाहिले आहेत. संकट आल्यावर धावून जाणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. परंतु संकट येण्यापूर्वी कोणी, कोणत्या अधिकाराने, काय करून ठेवायचे असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याला व्यवस्था ठाऊक नाही, त्याला त्या व्यवस्थेतील आपला हक्कही मागता येत नाही. म्हणून हा लेख.

१. आपत्ती म्हणजे काय?

भूकंप, पूर, वीज, अवर्षण हे धोके निसर्गातून येतात. पण धोका म्हणजे आपत्ती नव्हे. ओसाड माळावर गारा पडल्या तर ती आपत्ती होत नाही. त्याच गारा उभ्या गव्हावर, मोसंबीच्या बागेवर आणि कुडाच्या घरावर पडल्या की आपत्ती होते. म्हणजे धोका आणि आपला कच्चेपणा हे दोन्ही एकत्र आले की आपत्ती घडते. धोका टाळणे बहुधा आपल्या हाती नसते. कच्चेपणा कमी करणे मात्र हाती असते. यालाच जोखीम कमी करणे म्हणतात.

हा कच्चेपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. गारांचा मारा सर्वांवर सारखाच होतो. पण स्लॅबच्या घरातला माणूस खिडकी लावून बसतो आणि पत्र्याच्या खोलीतला माणूस लेकरांना पोटाशी धरून पत्रा उडू नये म्हणून देवाण्याचा दगड शोधतो. कोणाची वस्ती नाल्याच्या काठाला, गावाच्या उतारावर किंवा पाण्यापासून दूर पडली, हे निसर्गाने ठरविलेले नाही. ते समाजाने ठरविलेले आहे. म्हणून आपत्ती हा विषय नुसता हवामानाचा नाही, तो समतेचाही आहे.

२. मराठवाड्याने दिलेले दोन धडे

पहिला धडा १९७२ च्या दुष्काळाचा. तेव्हा आपला भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ज्येष्ठ मंडळींना खडी फोडण्याची कामे, मिलो आणि सुकडी आजही आठवते. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोहोचली होती. धान्य पिकले नाही तरी हाताला काम आणि कामाला मजुरी मिळाली, त्यामुळे एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचे थैमान टळले. या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. महाराष्ट्राने १९७७ मध्ये तिचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये केंद्रानेही याच वाटेने जाऊन ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. धडा असा, की मदत ही कोणाची मेहेरबानी न राहता कायद्याने मिळणारा हक्क झाली तरच ती शेवटच्या माणसापर्यंत जाते.

दुसरा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. हा भूकंप जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. मग एवढी माणसे का गेली? दगड आणि मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीत दगडांना बांधून ठेवणारे काही नव्हते. घर हलले, भिंती फाटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. शिवाय हा भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता, त्यामुळे तयारीचा विचारच झालेला नव्हता. अशी माळवदाची घरे आपल्या भोकरदन-जालना भागातही आहेत, हे ध्यानात ठेवावे.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. नवे घर मात्र जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने घरे पाडताना सातबारा पाहिला नव्हता. घरे देताना तो पाहिला गेला. नव्या गावात जुनी उतरंड जशीच्या तशी उभी राहिली. पुनर्वसनाचे नियम ठरतात तेव्हा भूमिहीनांचा माणूस बैठकीत नसेल तर काय होते, याचा हा नमुना आहे.

याच कार्यक्रमात एक चांगली गोष्टही घडली. जी घरे पडली नव्हती, पण कच्ची होती, त्यांच्या मजबुतीकरणासाठी गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून तयार करण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यात पुढाकार घेतला. भिंतीत आरपार दगड कसा घालावा, पट्टा कसा द्यावा, शासनाचा हप्ता कधी मिळतो, हे या महिलांनी शिकून इतरांना शिकविले. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला तेव्हा मराठवाड्याच्या महिला तिकडे आपला अनुभव सांगायला गेल्या. आपत्तीग्रस्त माणूस नुसता हात पसरणारा नसतो, तो कारभार चालवू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

३. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पुराचे पाणी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे या विषयातील कार्य आपल्यातही फारसे सांगितले जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीला महापूर आला. बांध फुटला, रेल्वे आणि रस्ते तुटले. तोवरचा उपाय एकच होता : नदीला बांध घालायचा, तो फुटला की पुन्हा घालायचा. बाबासाहेबांच्या खात्याने संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार केला. धरणे बांधून पूर अडवावा, त्याच पाण्यावर शेती भिजवावी, वीज करावी आणि जलवाहतूक चालवावी, अशी ती बहुउद्देशीय योजना होती. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना त्यासाठी अभ्यासला गेला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने स्थापन झाले. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. पाणी फार झाले म्हणून ते समुद्राला मिळवून मोकळे होणे हा मार्ग नव्हे. ते साठवून लोकांच्या कामी लावले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

आज जगभर ज्याला आपत्तीची जोखीम कमी करणे म्हणतात, त्याचे सूत्र हेच आहे : संकटाच्या मागे धावू नये, त्याच्या आधी पोहोचावे.

४. देशाची रचना : दिल्लीपासून गावापर्यंत

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपत्ती म्हणजे दुष्काळ आणि मदतवाटप असाच अर्थ होता, म्हणून हा विषय केंद्रात कृषी खात्याकडे होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यानंतर गुजरातचा भूकंप झाला आणि विचार बदलला. २००२ मध्ये हा विषय गृह खात्याकडे गेला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याची रचना विद्यार्थ्यांनी पाठ करण्यासारखी आहे.

राष्ट्रीय पातळी : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. अध्यक्ष पंतप्रधान. धोरण आणि मार्गदर्शक सूचना ठरविणे हे त्याचे काम. बचावासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था.

राज्य पातळी : राज्य प्राधिकरण. अध्यक्ष मुख्यमंत्री. महाराष्ट्रात मदत व पुनर्वसन विभाग हे काम पाहतो.

जिल्हा पातळी : जिल्हा प्राधिकरण. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी सदस्य. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करणे आणि तो दरवर्षी तपासणे हे त्याचे कर्तव्य. नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७.

तालुका आणि गाव : तालुक्यात तहसीलदार, गावात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), पोलीस पाटील, आशा व अंगणवाडी सेविका.

२०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूदही झाली आहे.

या कायद्यातील दोन कलमे आपल्या सर्व सभासदांनी लिहून ठेवावीत. कलम १२ मध्ये मदतीची किमान मानके सांगितली आहेत. त्यांत निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता येतात. विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूदही येते. कलम ६१ सांगते, की नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम उगाच आलेले नाही. त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना छावणीत, पाण्यावर आणि मदतवाटपात वेगळे वागविले गेल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. पाणवठ्यावरचा भेद संकटातही मरत नाही, म्हणून तो कायद्याने बांधावा लागतो. याच कायद्यात खोटा दावा करून मदत घेणाऱ्याला आणि खोटी अफवा उठविणाऱ्यालाही शिक्षा आहे, हेही विसरू नये.

ही रचना कामाची आहे का? ओडिशाचेच उदाहरण घ्या. १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे मोठे वादळ त्याच राज्यावर आले, पण आधीच लाखो लोकांना निवाऱ्यात हलविले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. वादळाचा जोर ओसरला नव्हता, माणसांची तयारी वाढली होती.

परंतु साखळीची शेवटची कडी तुटली तर वरच्या कड्यांचा उपयोग होत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला पहिली बातमी लागली ती रोजच्या एस.टी. चालकाला गाव दिसेना म्हणून. राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळ, राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. राजूरला पोहोचायला कोणालाही काही तास लागणारच. त्या तासांत गावाला वाचविणारे गावच असते.

५. निधी आणि पंचनामा

मदतीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी या एकूण तरतुदीचा पाचवा हिस्सा आपत्ती येण्यापूर्वीच्या कामांसाठी, म्हणजे सौम्यीकरणासाठी, वेगळा काढला. आधीच्या तयारीला स्वतंत्र पैसा मिळाला, ही मोठी गोष्ट आहे.

हा पैसा आपल्यापर्यंत येतो तो पंचनाम्यातून. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तर मदत मिळते; २०१५ पूर्वी ही अट ५० टक्के होती. वीज पडून माणूस गेला तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखात घाईघाईने अंत्यविधी उरकला, की त्या घराची मदत अडकते.

इथेच आपल्या लोकांची खरी अडचण आहे. पिकाची मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. बटाईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. वर्षानुवर्षे गायरान कसणाऱ्याचे नाव नसते. गावठाणाबाहेर झोपडी बांधून राहणाऱ्याचे घर ग्रामपंचायतीच्या नोंदीत नसते. आमच्या पाहण्यातील एका गावात गारपिटीनंतर यादी लागली, तेव्हा ज्याने बियाणे, खत आणि घाम घातला त्या बटाईदाराचे नाव तीत नव्हते. मालकाने मनाने दिले तेवढे त्याला मिळाले. कोणी त्याच्यावर अन्याय करायचा म्हणून केला असे नाही. कागदावर तो माणूस नव्हताच. आणि कागदावर नसलेल्या माणसाचे नुकसानही कागदावर होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतेच्या शेते खरवडून नेली, तेव्हाही हा प्रश्न गावोगाव होताच. तो सोडविण्याची वेळ पंचनाम्याची नसते, त्याच्या आधीची असते. घराची नोंद, जॉबकार्ड, बँक खाते, शक्य तेथे बटाईचा लेखी करार, गायरानावरील ताब्याचे जुने पुरावे हे पावसाळ्यापूर्वी तपासून ठेवावेत.

६. राजूरपुरते बोलायचे तर

दुष्काळ : आपल्या जिल्ह्याची ही मुख्य आपत्ती. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात टँकर आणि छावण्या सुरू होत्या, मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. पण याच जिल्ह्यात कडवंची हे गाव आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ पासून तेथे माथा ते पायथा पाणलोटाची कामे झाली. बांधबंदिस्ती, नाला उपचार आणि शेततळी झाली. म्हणून दुष्काळातही तेथील द्राक्षबागा तग धरून राहिल्या. टँकर ही मदत आहे आणि बांध ही तयारी. ग्रामसभेत आपण टँकर मागतो तेवढ्याच जोराने बांध मागितला पाहिजे, आणि तो वस्तीकडच्या शिवारातही झाला पाहिजे.

वीज : पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या वेळी वीज अधिक पडते. शेतात असताना झाडाखाली थांबू नये. पक्के घर जवळ नसेल तर मोकळ्यावर पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. प्रत्येक वस्तीत एका तरी मुलाने ते मोबाइलमध्ये ठेवून शेतावरच्या माणसांना फोन करण्याचे काम अंगावर घ्यावे.

गारपीट व वादळ : ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट जिल्हा विसरलेला नाही. पत्रे नुसत्या दगडांनी दाबलेले असतील तर वादळात पत्रा आणि दगड दोन्ही घातक ठरतात. पत्रे आकड्याने वाशाला बांधून घ्यावेत.

गर्दी : राजुरेश्वराच्या अंगारकी चतुर्थीला आपल्या गावात मोठी यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली आणि सुमारे तीनशे भाविक गेले. यात्रा कोणाचीही असो, जाण्याची व येण्याची वाट वेगळी हवी, वाटेत दुकाने व गॅस सिलिंडर नकोत, रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा हवा. हाच नियम आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीलाही लागू आहे. विजेच्या तारा, जनरेटर आणि लहान मुले यांची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी.

या सर्वांसाठी वस्तीचा एक साधा आराखडा हवा. एका वहीत पुढील नोंदी असाव्यात : एकटे राहणारे वृद्ध, अपंग, गरोदर महिला व आजारी माणसे, सर्वांत कच्ची घरे, उन्हाळ्यात न आटणारी विहीर, रात्री आसरा घेता येईल अशी पक्की इमारत, म्हणजे शाळा किंवा विहार, दोर, शिडी, बॅटरी कोणाकडे आहे, १०७७, ११२ आणि १०८ हे क्रमांक, आणि प्रत्येक पाच घरांमागे एक जबाबदार तरुण व एक जबाबदार महिला. ही वही दरवर्षी मे महिन्यात नवी करावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीला देऊन पोच घ्यावी. म्हणजे गावाच्या आराखड्यात आपली वस्ती नोंदली जाईल. नंतर कोणालाही 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणता येणार नाही.

७. समारोप

२०१५ मध्ये जपानमधील सेंडाई येथे जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंतचा आराखडा मान्य केला. त्याचेही सांगणे हेच आहे, की जोखीम ओळखा, ती आधीच कमी करा आणि या कामात सर्वांना सामील करून घ्या. देशाची व्यवस्था वरून खाली येते, पण माणूस वाचतो तो खालून. कायदा झाला आहे, निधी आहे, दल आहे. गावाच्या टोकाला त्या व्यवस्थेला हात देणारा माणूस मात्र आपल्यालाच तयार करावा लागेल. तो आपल्यातील विद्यार्थी असावा आणि त्याची वही येत्या पावसाळ्यापूर्वी लिहून व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. धोका आणि आपत्ती यांतील फरक आपल्या गावातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. किल्लारीच्या पुनर्वसनात घराचे क्षेत्रफळ कशावर ठरले? त्याऐवजी कोणता निकष असावा, असे तुम्हाला वाटते?

३. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील कलम १२ व कलम ६१ तुमच्या शब्दांत लिहा.

४. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष व सहअध्यक्ष कोण असतात? निवडून आलेल्या प्रतिनिधीला तेथे स्थान का दिले असावे?

५. आपल्या वस्तीतील पाच घरांची पाहणी करून लेखात सांगितल्याप्रमाणे नोंदवही तयार करा व ती पुढील सभेत वाचून दाखवा.